सुनीलच्या कानाचं मिक्स

माझ्या स्टुडिओत सगळ्यात जास्त गाणी बैलांची झाली. बाहेरच्या वाचकांना हे खरं वाटणार नाही, पण बेळगाव-खानापूर भागात शर्यतीचा बैल जिंकला की मालक त्याच्यावर गाणं करून घेतो. बैलाचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव आणि हरलेल्या बैलाच्या मालकाला एक टोमणा, एवढं आलं की गाणं झालं. एक मालक गाणं पसंत करायला बैलालाच टेम्पोतून घेऊन आला होता. मी खाली रस्त्यावर स्पीकर लावला. बैलानं एक कान हलवला. "आवडलं त्येला," मालक म्हणाला, "खरं माझं नाव अजून जरा मोठ्यानं घ्या." आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.

बैलांच्या खालोखाल गणपती मंडळांची गाणी, मग लग्नातली, मग निवडणुकीत रिक्षावर लावायच्या घोषणा. एकाच वॉर्डातल्या दोन विरोधी उमेदवारांच्या घोषणा मी एकाच माणसाच्या आवाजात, एकाच दुपारी केल्या आहेत. मराठीतही आणि कन्नडमध्येही. गिऱ्हाईक म्हणेल तसं करून द्यायचं, ही या धंद्याची रीत. आपली आवड घरी ठेवायची.

मी खानापूर तालुक्यातला, नंदगडजवळच्या एका वाडीतला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बेळगावात बी. एस्सी. करताना भौतिकशास्त्राच्या सरांनी माझी आवड बघून प्रयोगशाळेची किल्लीच माझ्याकडे दिली. ध्वनीचा धडा त्यांनी मला वर्गात एकदा आणि प्रयोगशाळेत अनेकदा शिकवला. त्या एका धड्यावर मी आयुष्यभर जेवलो. बेळगावातच, शहापूर भागात, पिठाच्या गिरणीच्या वर खोली घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, आणि स्टुडिओ सुरू झाला. गिरणी दुपारी बंद असते. गाणाऱ्याचा आवाज तेवढ्यातच घ्यायचा. बाकीचा दिवस खालून जमीन थरथरत असते.

अशाच एका दुपारी बेळगावजवळच्या मच्छे गावचा सुनील आला. खांद्यावर गिटार आणि अंगात कारखान्याचा निळा शर्ट. मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत तो पॉवर प्रेसवर काम करत होता. पत्र्यावर ठोका मारून मोटारीचे भाग कापणारं ते यंत्र. त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ भरत होता. भरत लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या बँजो पार्टीत ड्रम वाजवायचा.

"अण्णा, एक गाणं करायचंय," सुनील म्हणाला. "पॉप पंक."

"बैलाचं नाव काय?" मी विचारलं. मला खरंच तसं वाटलं होतं.

भरत खाली बसून हसायला लागला. "त्येलाच बैल समजा अण्णा. दिवसभर प्रेसला जुंपलेला असतोय."

पॉप पंक म्हणजे काय हे मला सुनीलनंच समजावलं. गिटारचे मोजके सूर, घाईत पळणारा ड्रम, आणि कुणालाही बरोबर म्हणता येईल अशी सोपी चाल. शब्द मात्र तक्रारीचे. घरातले, कामातले, आपल्याला नावं ठेवणाऱ्यांचे. "रडायचं, खरं उड्या मारत रडायचं," तो म्हणाला. मी पुष्कळ गाण्यांच्या व्याख्या ऐकल्या आहेत. एवढी नेमकी एकही नाही.

गाणं त्यानं स्वतः लिहिलं होतं. वडील गेल्यावर बारावी सोडून तो प्रेसवर लागला. घरी आई नाही, थोरली बहीण लता. कामावरून आला की गिटार घेऊन बसायचा, आणि गल्लीत लोक बोलायचे. कामाचं पोरगं वाया गेलं, हातात पत्रा धरायचा सोडून हे काय धरलंय, वगैरे. चुलते गावच्या भजनी मंडळात पुढं बसणारे. त्यांनी चाल ऐकून सांगितलं होतं, "हे गाणं न्हाय, भांडण हाय." या सगळ्यांना त्यानं गाण्यात उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर असं होतं:

या की घरी, या की घरी,
नावं ठेवाय या की घरी!
भाकरी गार हाय, कालवण न्हाय,
बसून बोला, उभ्यानं न्हाय!

मी ते वाचून चष्मा काढून पुसला. आपल्याला नावं ठेवणाऱ्याला जेवायला बोलावणारं गाणं माझ्या स्टुडिओत त्याआधी आलं नव्हतं.

सुनीलच्या पाळ्या बदलत असत. सकाळची पाळी असेल त्या आठवड्यात तो दुपारी थेट स्टुडिओत यायचा. आम्ही एकेक वाद्य वेगळं घेत गेलो. सगळी वाद्यं आणि आवाज घेऊन झाले की कुणाला पुढं बसवायचं, कुणाला मागं, कुणाचा धारदारपणा वाढवायचा, कुणाचा कमी करायचा हे ठरवतात. त्याला मिक्स म्हणतात. गाणं चांगलं की वाईट हे पुष्कळदा तिथं ठरतं.

पहिली अडचण त्याच्याआधीच आली. गाताना गाणाऱ्याच्या कानात हेडफोनमधून घड्याळासारखी एक टिकटिक सोडतात. तिला क्लिक म्हणतात. त्या टिकटिकीवर गायलं की लय सुटत नाही. सुनील पुन्हा पुन्हा लयीतून सुटत होता.

"लेका, टिकटिक ऐक की," भरत काचेमागून ओरडला. "वरातीत घोडं सुद्धा ह्याच्यापेक्षा बरं चालतंय."

"कुठली टिकटिक?" सुनील म्हणाला.

आम्हाला वाटलं चेष्टा करतोय. मी टिकटिक काढून त्या जागी लाकडावर ठोकल्यासारखा जाड आवाज लावला. सुनील पहिल्याच झटक्यात लयीत गायला, आणि असा गायला की भरतनं काचेमागून दोन्ही हात वर केले. पण मनात एक गोष्ट येऊन बसली.

मग मिक्स करताना तो सारखा एकच सांगायला लागला. "अण्णा, झांजा येत न्हाईत. माझं शब्दबी जाड जाड वाटालेत. घोंगड्याखालून गायल्यासारखं." मी बारीक आवाज, म्हणजे ज्याला आपण सगळे ट्रेबल म्हणतो तो, थोडा वाढवला. "अजून." आणखी वाढवला. "अजून जरा." भरत कानात बोटं घालून म्हणाला, "सुन्या, माझं कान फाटाय लागलेत की रं." सुनील त्याच्याकडे चकित होऊन बघत राहिला. "आत्ता कुठं गाणं लागलंय," तो म्हणाला.

माणसाचा कान गोंगाटानं जायला लागला की आधी बारीक आवाज जातात. झांज, घड्याळाची टिकटिक, बोलण्यातला 'स' आणि 'च'. जाड आवाज शेवटपर्यंत राहतात, म्हणून माणसाला कळतच नाही. त्याला वाटतं, लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. हे सगळं सरांनी मला शिकवलं होतं. हे ज्ञान मला नसतं तर बरं झालं असतं असं आयुष्यात एकदाच वाटलं, ते त्या दुपारी.

मी त्याला म्हणालो, "सुनील, एक गंमत करू. मी शिट्टीसारखा सूर सोडतो. ऐकू येतोय तोवर बोट वर ठेव."

आवाज अगदी हळू ठेवून मी खालच्या सुरापासून सुरुवात केली आणि वर वर जात राहिलो. सुनीलचं बोट वर होतं. भरतनंही खेळ समजून स्वतःचं बोट वर केलं. सूर चढत गेला. एका जागी सुनीलनं बोट खाली घेतलं आणि म्हणाला, "संपलं?"

सूर चालू होता. मला ऐकू येत होता, आणि मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. भरतचं बोट अजून वर होतं. तो आधी हसत होता. मग त्यानं सुनीलचं खाली आलेलं बोट पाहिलं, आणि स्वतःचं बोट हळूच खाली घेतलं, जणू त्यालाही ऐकू येत नव्हतं. भावावरची माया मी अशी कधी पाहिली नाही.

"कारखान्यात कानात घालायला बोळे देत नाहीत का?" मी विचारलं.

"देत्यात की. घातलं की ठोक्याचा आवाज बदललेला कळत न्हाय. पत्रा कापायची डाय तुटायच्या आधी प्रेसचा आवाज बदलतोय, अण्णा. तेवढं ऐकाय आलं तरच हात वाचतोय." मग तो म्हणाला, "बोटं वाचवाय कान उघडं ठेवलं मी."

बेळगावातल्या कानाच्या डॉक्टरांकडे त्याला लता घेऊन गेली. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवा, दोन्ही गोंगाटांपासून दूर राहा, असं त्यांनी सांगितलं. लता दुसऱ्या दिवशी एकटीच स्टुडिओत आली. त्याआधी ती कधी आली नव्हती. गाद्या ठोकलेल्या भिंतींकडे बघत दारातच उभी राहिली.

"अण्णा, दोन्ही सोडा म्हणाले डॉक्टर," ती म्हणाली. "प्रेसबी आणि गाणंबी. दोन्ही सोडून कसं चालायचं?"

"कारखान्यात दुसऱ्या खात्यात बदली नाही का मिळणार?"

"इचारलं त्यानं, कानाचं न सांगता. पॅकिंगला कंत्राटी बायका हाईत, म्हणाले. मग काय, एकच सोडाय पायजे." तिनं जिन्याकडे एकदा वळून बघितलं. "त्यो गाणं सोडतो म्हणालाय. मी एकदाबी नको म्हणाली न्हाय. शेजारचं बोलायचे तवा मी त्यांच्यावर धावून जायची, आणि शेवटी त्याचं गाणं माझ्या गप्प बसण्यानंच बंद झालं."

मी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. "जे गाणं चालू हाय तेवढं मात्र चांगलं करून द्या," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

म्हणजे सुनीलचं हे पहिलं गाणं होतं आणि हेच शेवटचं. आता ते नीट व्हायला हवं होतं. गिऱ्हाईक म्हणेल तसं करायची माझी रीत इथं चालणार नव्हती. तो म्हणेल तसं केलं तर जगाच्या कानाला ते कर्कश लागणार, आणि जगाच्या कानासारखं केलं तर त्याला स्वतःचं गाणं घोंगड्याखालून ऐकू येणार. मी दोन मिक्स केली. एक लोकांचं. दुसरं सुनीलच्या कानाचं, त्याचं जिथं कमी पडत होतं तिथं भरून काढलेलं. आवाज मोठा करायचा नाही, बारीक तेवढे वर उचलायचे. त्याचं मिक्स ऐकताना त्यानं डोळे मिटले. "आल्या झांजा," म्हणाला. "भरत्या, लई भारी वाजवलास की रं तू."

भरत खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मग जे झालं ते आमच्यात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. दोन्ही मिक्स सुनीलच्या फोनवर होती. इंटरनेटवर टाकताना त्यानं दोन्ही ऐकून बघितली आणि ज्यात गाणं नीट ऐकू येत होतं ते टाकलं. त्याच्या दृष्टीनं त्यात चूक काहीच नव्हती.

लोकांनी मात्र सोडलं नाही. "कान फाटले." "पत्र्याच्या डब्यात खडे." "बँजोवाल्यांना साहेब व्हायची हौस." "मिक्स करणारा बहिरा आहे काय?" हा शेवटचा शेरा मी पुष्कळ वेळ बघत बसलो. माझ्या धंद्यात याहून मोठा अपमान नाही. चूक कुठं झाली ते मला नंतर कळलं, पण तेव्हाही उत्तर द्यायचं तर सुनीलचं नाव घ्यावं लागलं असतं. कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी होते, कान गेलेला माणूस प्रेसवर ठेवत नाहीत, आणि प्रेसवरची माणसं ती कशीबशी निभावून नेतात. मी तो शेरा माझ्याच नावावर राहू दिला. अजून तिथं आहे.

सुनीलनं गाण्यात म्हटल्याप्रमाणे प्रत्येकाला एकच उत्तर लिहिलं: या की घरी. खाली मच्छ्याची गल्ली आणि घराची खूण. पण स्टुडिओत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"अण्णा, खरं सांगा. येवढं वाईट झालंय?"

मी फोन घेऊन लावून बघितलं आणि मला कळलं. "सुनील, तू तुझ्या कानाचं मिक्स टाकलंस."

खाली गिरणी सुरू झाली. जमीन थरथरायला लागली.

"मला तेच बरोबर वाटलं," तो म्हणाला.

"चूक कुणाची नाही. ते काढू, लोकांचं टाकू."

"त्यात मला माझं शब्द कळत न्हाईत, अण्णा." मग त्यानं विचारलं, "मग ह्यातलं माझं गाणं कुठलं?"

शेवटी त्यानंच गाणं बदललं; जुने शेरे मात्र खाली तसेच राहिले. "लोकांचं लोकांना द्या. माझं माझ्याजवळ ऱ्हाऊदे." नव्या मिक्सवर शेरे कमी झाले. काही चांगले आले. बसमधून कॉलेजला जाणारी मुलं ते म्हणताना भरतनं ऐकलं. सुनीलला ते चांगले शेरे वाचून दाखवले तर तो म्हणायचा, "बरं वाटलं," पण ज्या गाण्याचं कौतुक होत होतं ते त्याला नीट ऐकू येत नव्हतं. शिव्या त्याच्या गाण्याला मिळाल्या, आणि शाबासकी घोंगड्याखालच्या गाण्याला.

एक माणूस मात्र खरंच घरी आला. निपाणीत शिकवणी घेणारे एक मास्तर. त्यांनी लिहिलं होतं, 'कष्टाचं भांडवल करू नका, आधी सूर शिका.' सुनीलचं उत्तर वाचून एका रविवारी ते बसनं बेळगावला आणि तिथून मच्छ्याला आले. सुनीलनं मला फोन करून बोलावून घेतलं, कारण मास्तर सुरांचं काही बोलले तर उत्तर द्यायला कुणीतरी पाहिजे होतं.

लतानं गरम भाकरी आणि आमटी केली होती. सुनील तिला म्हणाला, "आक्का, गाण्यात गार म्हटलंय."

"गाण्यात काय पण म्हण. माझ्या दारात आलेला माणूस गार भाकरी खाणार न्हाय."

मास्तर संकोचून जेवायला बसले. ते हळू आवाजात बोलणारे. सुनील "व्हय, व्हय" म्हणत राहिला आणि भलतीकडेच उत्तर देत राहिला. मास्तरांना वाटलं तो मुद्दाम दुर्लक्ष करतोय. त्यांचा चेहरा आवळत चालला. तेव्हा लता त्यांना वाढता वाढता सहज म्हणाली, "मास्तर, जरा त्याच्या समोर तोंड करून बोला. प्रेसनं कान गेलेत त्याचं."

मास्तरांचा हात ताटात थांबला. मग ते उठले, पाट उचलून सुनीलच्या समोर नेऊन ठेवला, आणि जे सुरांबद्दल बोलायचं होतं ते सगळं बोलले, काही गाळलं नाही. दुसऱ्या कडव्यात आवाज कुठं उतरतो तेही सांगितलं. ते बरोबर होतं. सुनील त्यांच्या ओठांकडे बघत ऐकत होता. परत गेल्यावर मास्तरांनी आपला शेरा पुसला नाही. त्याखाली एवढंच लिहिलं: 'घरी जाऊन आलो. सूर अजून शिकायला हवा. भाकरी गरम होती.'

सुनील तो शेरा अजून लोकांना दाखवतो. म्हणतो, "मला धड समोर बसून नावं ठेवणारा तेवढा एकच."

भरत परत बँजो पार्टीत गेला. गिटार घरात खुंटीला आहे. सुनील प्रेसवरच आहे. आता तो कानात बोळे घालतो. आवाजावरून कळायचं ते हाताला लागणाऱ्या थरथरीवरून ओळखायला शिकला. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं, ते घरी घालतो. पण ते बोलणं ऐकण्यासाठी केलेलं असतं. गाणं लावलं की शिट्टी मारतं.

म्हणून तो अधूनमधून दुपारी माझ्याकडे येतो. फोन पुढं करतो. "अण्णा, झांजा परत गेल्या की." मी त्याच्या कानाचं मिक्स पुन्हा उघडतो, तो शिट्टीसारखा सूर पुन्हा लावून बोट कुठं खाली येतं ते बघतो, आणि तेवढं भरून काढतो. बैलांची गाणी आता लोक फोनवर स्वतःच करतात. माझ्याकडे वेळ असतो. दर खेपेला ते गाणं आमच्या कानाला आणखी वेडंवाकडं होत गेलं. पत्र्यावर पत्रा घासल्यासारखं. पण त्याला ते गाणं तसंच ऐकू यावं, जसं भरतनं वाजवलं आणि त्यानं म्हटलं, म्हणून मी ते बिघडवत गेलो. माझ्या हातून झालेलं सगळ्यात वाईट मिक्स तेच, आणि सगळ्यात मन लावून केलेलंही तेच.

गेल्या महिन्यात तो आला होता. मी मिक्स उघडलं तर बारीक आवाजाचं बटण शेवटाला पोचलेलं होतं. अजून पुढं न्यायचे मार्ग आहेत, मला ते येतात. पण त्यापुढं आवाज फाटतो, आणि त्याच्या कानात जे थोडं उरलंय तेही त्या धारेनं गेलं असतं. मी माउसवर हात ठेवून बसलो. सुनील हेडफोन घालून, डोळे मिटून वाट बघत होता.

"वाढवलासा?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या समोर वळलो. त्यानं डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"वाढवलं," मी म्हणालो.

बटणाला हात न लावता मी गाणं तसंच पुन्हा सुरू केलं. पहिलं कडवं गेलं. तो हलला नाही. ध्रुवपद सुरू झालं तेव्हा त्याची मान डोलायला लागली, मग पाय.

"व्हय," तो म्हणाला, स्वतःला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच. "आत्ता आल्या."